घटस्फोट झालाय आणि ग्रीन कार्ड अजून दोन वर्षांचंच आहे: वेव्हर भरण्यापासून निकाल हातात येईपर्यंत काय काय करायचं

"एक फोन करीन आणि तुझं ग्रीन कार्ड कॅन्सल करून टाकीन." नवऱ्याचं हे वाक्य मी स्वतः किचनमध्ये उभं राहून ऐकलंय, त्यानंतर दोन रात्री झोपले नव्हते, म्हणून सुरुवात इथूनच करते. अमेरिकेत एकदा कार्ड मिळालं की नवऱ्याला किंवा बायकोला ते कॅन्सल करता येत नाही. तो पत्र लिहू शकतो, कागाळ्या करू शकतो, तुमच्याबरोबर सही करायला नकार देऊ शकतो, पण निर्णय इमिग्रेशन खात्याचा असतो आणि खात्याने नाही म्हटलं तरी पुढे कोर्टात जज असतो. आणि त्या सगळ्यांना तुमचं लग्न किती दिवस टिकलं यापेक्षा ते केलं तेव्हा खरं होतं का, एवढंच बघायचं असतं. पुढचं सगळं त्या एका प्रश्नासाठी कागद जमवण्याबद्दल आहे.

मी वकील नाही. या रांगेतून गेलेय आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली लावायला मदत केलीय, तेवढाच अधिकार. अंगावर शारीरिक हिंसेचं, पोलिसाचं किंवा आधीच्या एखाद्या नोटिशीचं काही प्रकरण असेल तर हे वाचून थांबू नका, वकील गाठाच.

आधी आपण नक्की कुठे उभे आहोत ते बघा

कार्ड काढा आणि त्यावरची कॅटेगरी आणि एक्सपायरी बघा. सीआर-१ किंवा सीआर-६ असेल आणि कार्ड दोन वर्षांचंच असेल तर तुम्ही कंडिशनल रेसिडेंट, म्हणजे अटीवरचे रहिवासी. ग्रीन कार्ड मंजूर झालं (किंवा त्या व्हिसावर देशात पाऊल ठेवलं) त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसली की असं कार्ड येतं, १९८६ पासूनचा नियम आहे, खोट्या लग्नांना चाप म्हणून आणलेला. हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी.

कार्ड दहा वर्षांचं असेल तर घटस्फोटामुळे काहीही भरायचं नाही. फक्त सिटिझनशिपचा तीन वर्षांचा शॉर्टकट जातो, त्याबद्दल खाली आहे.

कार्ड अजून आलंच नाहीये, आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) पेंडिंग आहे आणि त्याआधीच डिक्री (घटस्फोटाचा कोर्टाचा आदेश) झाली, तर मात्र वाईट बातमी आहे, ज्या लग्नावर अर्ज उभा होता तेच नाही म्हटल्यावर अर्ज पडतो. अपवाद आहेत. अत्याचार झाला असेल तर व्हॉवा (व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अॅक्ट) कायद्याखाली आय-३६० हा अर्ज स्वतःच्या नावाने भरता येतो, घटस्फोटाचा अत्याचाराशी संबंध असेल तर डिक्रीनंतर दोन वर्षांच्या आत. नाव बायकांचं असलं तरी हा कायदा पुरुषांनाही लागू आहे. आणि लग्न ठरलेल्यांच्या के-वन फियॉन्से व्हिसावर येऊन ९० दिवसांत त्याच माणसाशी लग्न केलं होतं आणि नंतर मोडलं, तर २०११ च्या सेसे केसच्या निकालामुळे अर्ज जिवंत राहू शकतो.

आपल्या लोकांत सगळ्यात जास्त गोंधळ एच-फोरवाल्यांचा, म्हणजे एच-वनवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्यांचा होतो. नवऱ्याच्या कंपनीमार्फत ग्रीन कार्डची फाईल आहे, तुम्ही त्यात डिपेंडंट आहात, तर डिक्रीच्या दिवशी तुमचं एच-फोर संपतं आणि त्या फायलीतली जागाही जाते. नोकरी गेल्यावर मिळतात तसे साठ दिवस इथे मिळत नाहीत. म्हणून शिक्षणाचा एफ-वन, नोकरीचा स्वतःचा एच-वन, जे काय करायचं असेल त्याचा अर्ज डिक्रीच्या आधी जायला हवा, आणि डिव्होर्सच्या वकिलाला हे तुम्हीच सांगायचं, कारण फॅमिली कोर्टाच्या वकिलांना इमिग्रेशनचं फारसं कळत नाही, माझ्या वकिलाला तर कंडिशनल म्हणजे काय हेच मी समजावलं होतं. उलट कंपनीमार्फतचं कार्ड तुम्हाला आधीच मिळून गेलं असेल तर ते दहा वर्षांचंच असतं, घटस्फोटाने त्याला धक्का लागत नाही.

वेव्हर म्हणजे काय आणि कधी भरायचा

साधारणपणे दोघांनी मिळून आय-७५१ (कार्डावरची अट काढायचा अर्ज) भरायचा असतो, कार्ड संपायच्या आधीच्या ९० दिवसांत. लग्न मोडल्यावर तुम्ही एकट्याने भरता आणि सांगता की जोडीने सही करण्याची अट मला माफ करा. याला वेव्हर म्हणतात. कारणं वेगवेगळी चालतात: लग्न खरं होतं पण घटस्फोट झाला, किंवा लग्न खरं होतं पण मारहाण वा मानसिक छळ झाला, किंवा देशाबाहेर काढलं तर असाधारण हाल होतील. एकाहून जास्त खुणा करता येतात, आणि लागू असतील तर करा. छळाच्या कारणाला घटस्फोट झालेला असण्याची गरज नसते, हे खूप बायकांना माहीतच नसतं, त्या बिचाऱ्या डिक्रीची वाट बघत त्याच घरात राहतात. न्यू जर्सीत मानवी नावाची संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय, अशा ठिकाणी एक फोन करायला लाजू नका.

वेव्हरला ९० दिवसांची खिडकी नाही. कार्ड मिळाल्यानंतर कधीही भरता येतो, संपायच्या वर्षभर आधीही. त्यामुळे डिक्री हातात आली की उगाच थांबू नका.

खरी पंचाईत होते ती कार्ड संपत आलंय आणि डिक्री अजून कोर्टात लटकलीय तेव्हा. कॅलिफोर्नियात समोरच्याला कागद पोचल्यापासून किमान सहा महिने जावे लागतात, टेक्सासमध्ये फाईल केल्यापासून ६० दिवस, न्यू जर्सीत बहुतेक कारणांसाठी फाईल करायच्या आधी वर्षभर तिथे राहिलेलं असावं लागतं. अशा वेळी कार्ड संपू देऊ नका. घटस्फोटाचा दावा दाखल केल्याचा कागद लावून वेव्हर भरून टाका. खातं मग डिक्री मागणारं पत्र पाठवतं, त्याला आपण आरएफई म्हणतो, आणि त्याच्या उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस आणि पोस्टाचे ३ असे ८७ दिवस मिळतात. ती मुदत वाढवून मिळत नाही, म्हणून कोर्टाची तारीख आणि हा हिशोब एका कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

आणि जोडीने भरून झालं होतं, मग घटस्फोट झाला, तर? नवा अर्ज आणि नवी फी लागत नाही. डिक्रीची सर्टिफाइड कॉपी आणि "माझा जोडअर्ज आता वेव्हर म्हणून धरा" असं साधं सही केलेलं पत्र पाठवायचं, रिसीट नंबर ठळक टाकून. गप्प बसून इंटरव्ह्यूला एकट्याने जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय. त्याहून वाईट एकच, वेगळे राहत असताना फॉर्मवर दोघांचा एकच पत्ता लिहिणं. हे कधीही करू नका, खरं लग्न असलेल्या माणसाची फाईल या एका ओळीने खोटी दिसायला लागते.

कागद: इथे वेळ घाला

घर सोडायच्या आधी (सोडलं असेल तर आज रात्री) जॉइंट अकाउंटची सगळी स्टेटमेंट्स डाउनलोड करा. लॉगिन बंद होतात, पासवर्ड बदलतात, जॉइंट अकाउंट बंद झालं की ऑनलाइनचं जुनं सगळं गायब. मग लीज, दोघांच्या नावाची बिलं, कार इन्शुरन्स, हेल्थ इन्शुरन्समध्ये एकमेकांची नावं, फोर-ओ-वन-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मध्ये बेनिफिशियरी कोण होतं तो कागद, आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या ट्रान्सक्रिप्ट (फुकट मिळतात, स्वतः प्रिंट केलेल्या रिटर्नपेक्षा यांना वजन जास्त). लग्नाच्या दिवसापासून वेगळे झालात त्या दिवसापर्यंतचा सगळा काळ झाकला गेला पाहिजे, एका महिन्याची पन्नास पानं आणि मग दीड वर्ष काहीच नाही असं नको.

टॅक्सवरून आठवलं, ३१ डिसेंबरला डिक्री झालेली नसेल तर वेगळे राहत असलात तरी तुम्ही कायद्याने विवाहितच आहात, रिटर्नवर सिंगल टाकून मोकळे होऊ नका, ऑफिसर ते बघतो.

कागद कमी असतील तर घाबरू नका, आपल्याकडे बरेचदा सगळं नवऱ्याच्याच नावावर असतं. मग छोटे कागद कामाला येतात. माझ्या फायलीत एक गादीच्या दुकानाची डिलिव्हरी स्लिप होती, क्वीन साइज, दोघांची नावं, नवऱ्याचा फोन नंबर, आणि खाली माझी सही, कारण तो ऑफिसात होता. मी ती नुसती भर म्हणून लावलेली. इंटरव्ह्यूला ऑफिसरने बँकेचा गठ्ठा भराभर उलटला आणि त्या स्लिपवर थांबला, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय कशी चढवली म्हणून विचारलं. मी सांगितलं, जिन्याच्या वळणावर अडकली होती, संध्याकाळी तो आल्यावर आम्ही दोघांनी आणि खालच्या शेजाऱ्याने मिळून ओढली. त्यानंतर त्याने लग्न खरं होतं का या विषयावर फार काही विचारलं नाही.

अरेंज्ड मॅरेज असेल तर एक गोष्ट मुद्दाम समजावून लिहा. तीन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन मुली बघितल्या, दोनदा भेटलो, साखरपुडा, लग्न, परत विमान, हे आपल्याला रोजचं आहे पण फाईल वाचणाऱ्याला ते घाईचं आणि संशयास्पद वाटू शकतं. मॅट्रिमोनी साइटवरचे मेसेज, बायोडाटा, दोन्हीकडच्या आईवडिलांचे फोटो, लग्नपत्रिका, हॉलची पावती, सगळं लावा. मराठी कागदाबरोबर पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची सही केलेली हमी लागते, ती तुमच्या मैत्रिणीची चालते, दोन्ही भाषा नीट येत असल्या की झालं.

ओळखीच्या किमान दोन लोकांची सही केलेली पत्रं लावा. "ही फार चांगली मुलगी आहे" याला काही किंमत नाही. "मी त्यांच्याकडे गणपतीला गेले होते, तेव्हा तिचे सासरे आलेले होते आणि तेच आरतीला उभे होते" हे चालतं. बघितलेलं लिहा, तारखेसकट.

मग तुमचं स्वतःचं पत्र, दोन पानं, फार तर तीन. कसं ठरलं, कुठे राहिलो, काय बिनसलं, वाचवायचा काय प्रयत्न केला, काउन्सेलिंगला गेला असाल तर त्याच्या पावत्या. माझा पहिला ड्राफ्ट अकरा पानांचा होता आणि त्यातली आठ नुसती सासूबद्दल होती. फाडून टाकले. घटस्फोट कुणाच्या चुकीने झाला हे यात बघत नाहीत, त्यामुळे एक्सला राक्षस ठरवण्यात पानं घालवू नका. छळाचं कारण लावलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तारीखवार लिहायलाच लागतं.

पाठवणं

फी ७५० डॉलर, बायोमेट्रिक्स त्यातच धरलेलं आहे. परवडत नसेल तर आय-९१२ भरून फीमाफी मागता येते. चेक पाठवू नका, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून कागदी चेक आणि मनीऑर्डर घेत नाहीत, क्रेडिट कार्डसाठी जी-१४५० किंवा बँक खात्यातून कापायला जी-१६५० जोडायचा. फॉर्मची एडिशन आणि पाठवायचा पत्ता खात्याच्या वेबसाइटवर पाठवायच्या दिवशी पुन्हा बघा, जुनी एडिशन परत येते आणि महिना फुकट जातो. सगळ्या गठ्ठ्याची स्कॅन कॉपी ठेवा, पान न पान. मुलं असतील आणि त्यांना तुमच्याबरोबर किंवा तुमच्यानंतर ९० दिवसांत कंडिशनल स्टेटस मिळालं असेल तर ती तुमच्याच अर्जात बसतात.

वाट बघण्याचा काळ

दोन वर्षं सहज जातात, जास्तही. काही आठवड्यांत रिसीट नोटीस येते, आय-७९७, त्यावर लिहिलेलं असतं की तुमचं कार्ड ४८ महिन्यांनी वाढवलंय. संपलेलं कार्ड आणि हा कागद मिळून तुमचं चालू ग्रीन कार्ड. लॅमिनेट करू नका, घडी कमी घाला, ओरिजिनल घरी आणि रोजच्यासाठी फोनमध्ये फोटो. एचआरवाल्यांना किंवा लायसन्सच्या खिडकीवरच्या माणसाला समोरची संपलेली तारीखच दिसते, शांतपणे नोटिशीवरची ती ओळ बोटाने दाखवायची.

विमानतळावर तेच. मुंबईहून परत येताना काउंटरवरच्या मुलाने माझं कार्ड तीनदा उलटंपालटं केलं, मग सुपरवायझरला हाक मारली, मग दोघांनी मिळून कार्ड उलटंपालटं केलं. ओरिजिनल नोटीस हातात होती म्हणून निभावलं, पण चेक-इनला तीन तास आधी जा. नोटीस हरवली किंवा ४८ महिनेही संपत आले तर खात्याच्या कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करून आय-५५१ स्टॅम्प (रेसिडेंट असल्याचा तात्पुरता शिक्का) मागा. हल्ली बरेचदा तो पासपोर्टवर न मारता आय-९४ वर (देशात प्रवेशाच्या नोंदीच्या कागदावर) मारून पोस्टाने पाठवतात.

भारतात लांब राहू नका, मनातून कितीही वाटलं तरी. घटस्फोटानंतर आईकडे जाऊन सहा महिने पडून राहावं असं सगळ्यांनाच वाटतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात की सिटिझनशिपच्या हिशोबात सलगपणा तुटला असं धरून चालतात आणि तो तुटला नाही हे तुम्हाला दाखवायला लागतं, वर्ष झालं तर तो तुटतोच. जावंच लागणार असेल तर जायच्या आधी इथूनच आय-१३१ भरून री-एंट्री परमिट (परत येण्याचा परवाना) मागा.

घर बदललं की दहा दिवसांत एआर-११, म्हणजे पत्ता बदलल्याचा फॉर्म, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. घटस्फोटात माणूस दोन-तीनदा पत्ता बदलतो आणि आरएफई जुन्या घरी, म्हणजे एक्सच्या लेटरबॉक्समध्ये जाऊन पडते. माझ्या ओळखीत एकीची अशीच गेली, त्याने ती दिली नाही, उत्तर गेलं नाही, अर्ज नाकारला गेला. केसचं ऑनलाइन अकाउंटही स्वतःच्या नव्या ईमेलने उघडा.

जुन्या जोडअर्जात काय लावलं होतं ते आठवत नसेल तर एफओआयए (सरकारी माहिती मागायचा अर्ज) टाकून स्वतःची फाईल मागवा. वेबसाइटवरच्या सर्वसाधारण मुदतीच्या पुढे केस गेली की ऑनलाइन चौकशी टाकायची, मग आपल्या भागातल्या काँग्रेसमनच्या ऑफिसला, तिथे प्रायव्हसी रिलीज म्हणून एक फॉर्म भरून देतात आणि त्यांचा माणूस विचारणा करतो. त्यानेही हललं नाही तर फेडरल कोर्टात मँडॅमसचा दावा, निकाल हाच द्या असं नाही, पण काहीतरी निकाल द्या एवढं मागायला. यासाठी मात्र वकील आणि पैसा दोन्ही लागतं.

सिटिझनशिपचं काय

सिटिझन जोडीदारामुळे मिळणारा तीन वर्षांचा मार्ग डिक्रीबरोबर संपतो, शपथ घ्यायच्या आदल्या दिवशी डिक्री झाली तरी. आता पाच वर्षं. पण कंडिशनल दोन वर्षं त्यात मोजली जातात, आणि पाच पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी एन-४०० (सिटिझनशिपचा अर्ज) भरता येतो, आय-७५१ पेंडिंग असला तरीही. मग बऱ्याचदा दोन्हीचा इंटरव्ह्यू एकत्र होतो आणि रखडलेली फाईल हलते. जेवढा वेळ आय-७५१ अडकलाय तेवढा हा मार्ग जवळ येत जातो.

नाकारलं तर

लगेच बॅगा भरायच्या नसतात. नोटीस टू अपिअर (कोर्टात हजर व्हायची नोटीस) येते, केस इमिग्रेशन कोर्टात जाते, आणि तिथला जज तुमचं आय-७५१ पहिल्यापासून नव्याने बघतो, नवे कागद देता येतात. अंतिम आदेश होईपर्यंत तुम्ही रेसिडेंटच असता. तारीख चुकवू नका, हजर नसलात तर जज तुमच्या पाठीमागे आदेश काढू शकतो.

मधल्या काळात लोक विसरतात अशा दोन गोष्टी

जोडीदाराने तुमच्यासाठी आय-८६४ या हमीपत्रावर सही केलेली असते, गरिबीरेषेच्या १२५ टक्के इतकं उत्पन्न तुम्हाला राहील याची हमी. घटस्फोटाने ती संपत नाही. तुम्ही सिटिझन झालात, कामाचे ४० क्वार्टर (तिमाह्या) भरले, देश कायमचा सोडला किंवा दोघांपैकी कुणी वारलं तरच संपते. सेटलमेंटच्या टेबलवर बसताना हे माहीत असू द्या.

आणि दुसरं लग्न. करायला बंदी नाही, आय-७५१ ला त्याने काही होत नाही. पण लग्नावर मिळालेल्या ग्रीन कार्डच्या जोरावर पाच वर्षांच्या आत नव्या जोडीदारासाठी आय-१३० (त्याच्या ग्रीन कार्डसाठीचा तुमचा अर्ज) भरलात तर पहिलं लग्न खरं होतं हे नेहमीपेक्षा कडक पुराव्याने पुन्हा दाखवावं लागतं, म्हणजे तो गादीच्या स्लिपचा गठ्ठा फेकू नका. भारतात लग्न करायचं असेल तर अमेरिकन डिक्री तिथे चालते का तेही बघा. १९९१ च्या नरसिंह राव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ज्या कायद्याखाली लग्न लागलं त्यातलं कारण आणि समोरच्याचा खरा सहभाग किंवा संमती असावी. एकट्याने इथे घेतलेली "पटत नाही" एवढ्याच कारणाची डिक्री तिकडे अडू शकते. दोघं तयार असतील तर तिकडे हिंदू विवाह कायद्याच्या १३-बी खाली संमतीचा अर्ज करून मोकळं होणं बरं.

कार्ड येतं तेव्हा

माझं एका मंगळवारी आलं, पिझ्झाच्या कूपनांच्या मधे. आधी नाव आणि जन्मतारीख तपासा, चूक खात्याची असेल तर दुरुस्तीला फी लागत नाही. मग "रेसिडेंट सिन्स" पुढची तारीख बघा. ती नवी नसते, पहिल्या कार्डवरचीच, म्हणजे लग्नात असतानाची असते, आणि पाच वर्षं तिथूनच मोजायची.